खुडणी

"द्वारके, चप्पल घाल. रानात चल."

पोळ्याचा दुसरा दिवस होता. मी उरलेल्या पुरणपोळ्या मोजून डब्यात रचत होते आणि आमचे हे, भुजंगराव, दारातच थांबले होते. घरात येऊन खाटेवर टेकल्याशिवाय ज्याला बोलणं सुचत नाही, तो माणूस उंबऱ्याबाहेरून बोलत होता.

"काय झालं?"

"तुझी अंबाडी."

पुढचं मी ऐकून घेतलं नाही. ओढा ओलांडला तेव्हा एक चप्पल चिखलात राहिली, ती काढायलाही थांबले नाही. बांधावरून बघितलं तर पीक जसंच्या तसं. खांद्याएवढं झालेलं, दाट, हिरवंगार. मी यांच्याकडे वळले.

"कुठं काय झालंय?"

"आत चल."

आत शिरलो. मधोमध चौदा ओळींचे शेंडे गेले होते. ओळीच्या ओळी एका उंचीला, न्हाव्याने डोकी भादरावीत तशा. मी एक काडी जवळ ओढली, खुडलेली जागा बघितली आणि काडी सोडून दिली.

"कुणी केलं असंल गं?" हे म्हणाले.

"भाजी खुडायची सवय असते काहींना."

"कुणाला?"

मी नाव घेतलं. गयाबाईचं.

हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चल, ऊन व्हायलंय."

आमच्या भागात अंबाडी हे कधी कुणाचं पीक नव्हतं. कापसाच्या कडेने, ज्वारीच्या तासात चार दाणे टाकायचे, उगवली की येणाऱ्या-जाणाऱ्या बाईने ओटीत मूठभर खुडून न्यायची. त्यासाठी रानाच्या मालकाला विचारायचं नसतं. उलट विचारलं तर राग येतो. 'अंबाडीच तर आहे, विचारतेस काय, परकी आहेस का?' असं म्हणतात. त्या वर्षी एका संस्थेचे पतंगे साहेब गावात आले आणि आम्हाला सांगू लागले की ही भाजी नाही, हा धागा आहे. चार महिन्यांत दहा फूट वाढते, तिच्या सालीचा वाख निघतो, वाखाचे दोर, पिशव्या, चटया होतात, शहरात लोक त्या घेतात. आमच्या बायकांच्या गटाने एक एकर नमुना लावून दाखवायचा. दसऱ्यानंतर साहेब येऊन मधल्या ओळी मोजणार. काड्या सरळ, एकदांडी आणि नऊ फुटांच्या वर भरल्या, तर वाख काढायचं केंद्र आमच्या वाकदरीत होणार. नाही भरल्या तर शिरपोळला. तिथेही एक गट होता आणि तिथेही एक एकर होता.

केंद्र झालं तर दोन जागा होत्या. एक चालवणारीची. ती मला मिळणार होती, त्यासाठी तीन महिने नागपूरकडे शिकायला जायचं होतं. दुसरी जागा शिकवणारीची, महिन्याच्या महिन्याला पगाराची. ती गयाबाईची. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं, कारण वाख काढता येणारी गावात ती एकटीच उरली होती.

गयाबाई दोर वळणाऱ्यांच्या घरातली. नवरा वारला, दीर पुण्याकडे गेले, आणि नायलॉन आलं तेव्हापासून तिचं काम पोळ्यापुरतं उरलं होतं. तरी तिच्या हाताला तोड नव्हती. भिजवून काढलेली काडी ती बुडाशी मोडायची, साल दोन बोटांत धरायची आणि एका ओढीत शेंड्यापर्यंत सोलून काढायची. मध्ये तुटणं नाही. पतंगे साहेबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा तसाच गार झाला. "पुन्हा करा," म्हणाले. ती म्हणाली, "साहेब, काडी संपली. दुसरी तुम्ही करा." साहेबांनी प्रयत्न केला, साल वीतभर येऊन तुटली. गयाबाई म्हणाली, "बरं झालं तुम्हाला नोकरी हाय."

पेरणी दाट करायची, हेही तिनेच सांगितलं. आणि पहिल्या दिवसापासून एकच घोकलं, "शेंडा सांभाळ, द्वारकाबाई. शेंडा गेला की काडी फुटती. जिथं फुटली तिथं वाख तुटला म्हणून समज."

म्हणून मी बांधावर पाटी लावली. 'नमुना पीक. भाजी खुडू नये.' गावाला हसायला निमित्त झालं. सुभद्रामावशी, आमच्या गटाच्या अध्यक्ष, सही करण्यापुरत्या अध्यक्ष, त्याही म्हणाल्या, "माय, आता उद्या ओढ्याला कुलूप लावशील." आणि गयाबाई पाटीसमोर उभी राहून म्हणाली, "मला तर वाचता येत नाही. बकऱ्यांसाठी लावलीस का?" असं म्हणून तिने कडेच्या ओळीतली मूठभर अंबाडी खुडली. मी ओरडले. ती म्हणाली, "कडेची हाय. कडेची कोण मोजतंय?" आणि ओटी झटकून निघून गेली. हे चार जणींनी पाहिलं होतं. मी नाव घेतलं तेव्हा ते नाव अगदी तयार होतं.

त्याच दुपारी समाजमंदिरात बैठक बोलावली. बावीस जणी होतो. गयाबाई उशिरा आली. आदल्या दिवशीच्या पोळ्यासाठी तिने घरोघर नवे कासरे, वेसणी पोचवल्या होत्या, पहाटेपासून दुपारपर्यंत तिची पायपीट चालली होती. हाताला वाखाचे चिरे पडलेले. ती दाराजवळ बसली.

मी उभी राहिले आणि जे बोलायचं ते बोलले. माझं बोलणं चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

ती आधी हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. थट्टा करायची माझी ख्यातीच होती. मग कुणीच हसत नाही हे तिच्या लक्षात आलं.

"मी? काल? काल मी कुणाच्या दारात नव्हते ते सांगा. सुभद्रामावशी, तुमच्या दारात मी बैलाला म्होरकी घातली का नाही?"

मावशींनी पदराचं टोक दातात धरलं.

"दुपारी सगळं गाव वेशीत होतं," मी म्हणाले. "तेव्हा तू दिसली नाहीस."

"दुपारी माझे पाय धरले होते, बाई. घरी पडले होते."

"कुणी पाहिलं?"

ती उठली आणि माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "रानात चल. आता चल, सगळ्याच चला. एक काडी हातात घे आणि मला सांग, ही माझी खुडणी हाय का. माझी सोड, ही बाईची खुडणी हाय का सांग."

"खुडणी ती खुडणी," मी म्हणाले. "त्यात काय बघायचं?"

मग तिने सगळ्यांकडे एकेकीकडे पाहिलं. मी म्हणाले, "ज्यांना वाटतं गयाबाईला गटातून कमी करावं, त्यांनी हात वर करा." एकवीस हात वर झाले. माझा धरून.

इतिवृत्ताच्या वहीत मी लिहिलं, 'सदर सभासद श्रीमती गयाबाई यांनी नमुना पिकाचे शेंडे भाजीकरिता खुडल्याचे निदर्शनास आल्याने त्यांचे सभासदत्व एकमताने रद्द करण्यात येत आहे.' माझं अक्षर सुंदर आहे. शाळेत बक्षीस मिळालेलं आहे. वहीची नक्कल मी दुसऱ्या दिवशी संस्थेला पोस्टाने पाठवली. साहेबांना वाटावं, गट शिस्तीचा आहे.

गयाबाई आठ दिवसांत लेकीकडे निघून गेली. जाताना भेटली नाही.

पुढे तीन आठवड्यांनी कापसाचे शेंडे खुडायचे दिवस आले. आमच्याकडे हे पुरुषांचं काम. कापूस फार उंच जाऊ लागला की शेंडा काढायचा, म्हणजे झाड बाजूला फुटतं, बोंडं वाढतात. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा हे ओळीत होते. मी बांधावर बसले आणि त्यांचे हात बघत राहिले.

आमचे हे चिमटीत शेंडा धरतात आणि पीळ देतात. नखाने तोडत नाहीत, पिळून तोडतात. प्रत्येक खुंटावर सालीचं एक बारीक सूत लोंबत राहतं.

भाजी खुडणारी बाई तसं करत नाही. ती कोवळी जागा अंगठ्याने चाचपते आणि नखाने टच्‌ करून तोडते, कारण जरा खाली तोडलं तर भाजीत धागा येतो, आणि धागा आला तर घरातले बोलतात. शिवाय ती नुसता शेंडा नेत नाही, खालची चार कोवळी पानंही घेते. आमच्या चौदा ओळींत पानं सगळी जागेवर होती. आणि प्रत्येक काडीवर एक सूत लोंबत होतं.

"भाकरी," मी म्हणाले.

"ठेव. एवढी ओळ होऊ दे."

"अंबाडीही अशीच खुडलीत का?"

त्यांनी पुढचं झाड खुडलं. त्याच्या पुढचं खुडलं. तिसऱ्याला हात लावून थांबले.

"पोळ्याला," ते म्हणाले. "सगळे वेशीत होते तेव्हा."

"मधल्याच ओळी बऱ्या सापडल्या."

"तूच तर सांगितलं होतंस, साहेब मधल्या मोजणार म्हणून. जेवताना."

मी खरंच सांगितलं होतं. घरात मी सगळंच सांगायचे. गावातल्या कुणाच्या मनात काय आहे, कोण कुणावर डोळा ठेवून आहे, कोण कशाला भुलेल, सगळं ताटावर बसून सांगायचे आणि हे हसायचे. मला वाटायचं, हे माझ्या बाजूचे आहेत म्हणून हसतात.

"का?"

"तीन महिने तू नागपूरला जाणार होतीस."

"तुम्हीच म्हणालात, जा."

"चार माणसांसमोर विचारलंस. चार माणसांसमोर काय म्हणू?" ते कापसातून बाहेर आले. हात धोतराला पुसले. "पारावर मला काय म्हणायलेत, ठाऊक हाय का तुला? अंबाडीबाईचे मालक. तू असताना म्हणतात, अन् तू हसतेस. एक वर्ष गेलं असतं तर काय बिघडलं असतं? पुढच्या वर्षी लाव की परत. मी बांध घालून देतो."

"आणि गयाबाई?"

"तिचं नाव मी नाही घेतलं, द्वारके." ते खाली बसले आणि फडकं सोडलं. "मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, आता विचारशील मला. तू नाव घेतलंस, मग मला वाटलं, सुटलो."

त्यांनी भाकरी खाल्ली. मी समोर बसून वाढलं. काय करणार होते? ओरडले असते तर शेजारच्या रानातले आले असते, आणि मला ते नको होतं.

दसऱ्यानंतर पतंगे साहेब टेप घेऊन आले. मी त्यांना कडेच्या ओळी दाखवायचा प्रयत्न केला, ते सरळ मधे शिरले. तिथे प्रत्येक काडी छातीशी फुटून तिची तीन-तीन झाली होती. साहेबांनी टेप लावला, काढला, परत लावला.

"द्वारकाबाई, हे पीक आहे का कुंपण?"

केंद्र शिरपोळला गेलं. ते त्यांनी तिथेच सांगितलं, आडपडदा न ठेवता. मला वाटलं, संपलं. पण समाजमंदिरात बसून चहा घेताना त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"शिकवायला ती तुमची बाई हवी आहे. केंद्र कुठेही होवो, वाख काढणारी तीच. आजूबाजूच्या सगळ्या गावांची अंबाडी तिथे येणार, तुमचीही येईल. पण वरच्या लोकांनी हात आखडलाय. हे बघा."

माझीच नक्कल होती. माझं अक्षर.

"इतकं छान लिहिलंय, म्हणून शेवटपर्यंत वाचलं त्यांनी," साहेब म्हणाले. "गटाने चोरीसाठी काढलेली बाई पगारावर कशी घ्यायची, म्हणतात. आता तुम्हीच सांगा. तिने खरंच केलं असेल तर विषय संपला. नसेल केलं तर तसं लिहून द्या. मी शाळेत जाऊन येतो, तोवर ठरवा."

ते गेले. आम्ही एकवीस जणी उरलो. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"गयाबाईने खुडलं नाही," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, गलका होईल. कुणीतरी म्हणेल, 'काय सांगतेस!' कुणीतरी तोंडावर हात ठेवेल. काहीच झालं नाही. सुभद्रामावशी पायाचं जोडवं फिरवत होत्या.

"ते ठाऊकच हाय की," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांला. बैठकीच्या आधी आम्ही समद्या तुझ्या रानात जाऊन आलो नव्हतो का? पीळ देऊन खुडलेलं. सूत लोंबत होतं. बाई तशी खुडती व्हय?"

"आमच्या घरी तर पोळ्याच्याच रात्री विषय निघाला," मागून कुणीतरी म्हणालं. "भुजंगभाऊंची जोडी समद्यांच्या शेवटी आली वेशीत. आमचे हे म्हणाले, गडी घामाघूम होता."

मी एकेकीकडे बघत गेले. या सगळ्या मला पाठ होत्या. कोण भित्री, कोण लोभी, कोण हसून वेळ मारून नेते. त्यांनाही मी पाठ असेन, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"मग हात का वर केलेत?"

"तू केलास म्हणून," मावशी म्हणाल्या. "केंद्र तू चालवणार. आमच्या सुना तिथं कामाला लागणार. अन् तुझ्या घरातलं तू झाकायलीस असं वाटलं. आपण कशाला मधे पडायचं? म्हटलं, झाकू दे."

"मी झाकत नव्हते."

हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरची कोंबडी उडाली. मावशींनी जोडवं सोडलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. आवाजात राग नव्हता. पोरीला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"द्वारके, आम्ही नुसतं डोकावून बघितलं तर दिसलं. तू तर काडी हातात धरून बघितली म्हणालीस. तुला दिसलं नव्हतं का गं?"

त्या दिवशीची चिखलात राहिलेली चप्पल आठवते. उन्हात जळणारी मान आठवते. दोन बोटांत धरलेली ती काडी, तिच्यावर लोंबणारं सूत, ते अंगठ्याला लागलं होतं. आणि माझ्या मागे उभा असलेला, श्वास रोखून धरलेला माणूस. मी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. नाव आधी तोंडात आलं होतं.

"दिसलं होतं," मी म्हणाले.

मी वहीतून कोरा कागद फाडला आणि लिहिलं, 'श्रीमती गयाबाई यांनी शेंडे खुडले नाहीत. गटाने घेतलेला निर्णय चुकीचा होता.' कुणी खुडले ते लिहायला घेतलं तेव्हा मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तेवढं नको, माय. घरातली गोष्ट हाय." मी लिहिलं नाही. सही केली. मग कागद फिरला. ज्यांना सही येत होती त्यांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे उठवले. त्या दिवशी सगळ्यांना हलकं वाटलं. कुणीतरी परत चहा टाकला.

आठवड्याने पतंगे साहेब परत आले. मी अंगणात तुरी निवडत होते. त्यांनी गाडी बंद केली नाही.

"गेलो होतो तुमच्या गयाबाईकडे. लेकीच्या घरी. कागद दाखवला."

"आली का?"

"नाही."

"वाचून नाही दाखवलात?"

"वाचायला लागलो तर म्हणाली, ते राहू द्या साहेब, खाली सह्या किती हायेत तेवढं सांगा. म्हटलं, एकवीस. म्हणाली, परत मोजा. परत मोजल्या. मला वाटलं, खूश झाली असेल, सगळं गाव बाजूने उभं राहिलं म्हणून." साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मग म्हणाली, एकीची असती तर आले असते. एकीला उशिरा कळलं, असं धरून चालले असते. एकवीस जणींच्या वाखाला मी हात लावणार नाही. असं म्हणून कागद परत दिला. हा घ्या."

मी हात पुसले आणि कागद घेतला. चार घड्या होत्या, पाचवी तिने घातली असावी.

"नोकरी सोडली हो बाईने," साहेब म्हणाले. "पगार होता, खोली होती. मला खरंच कळलं नाही. तिला काय म्हणायचं होतं?"

"काही नाही, साहेब," मी म्हणाले. "तिला मोजता येतं."